कादंबरी नको म्हणणाऱ्या मित्रांना



विहारात नवं कपाट आलं. वर्गणी जमली ५,८०० रुपये. त्यातून पुस्तकं काय घ्यायची याची बैठक झाली आणि तुम्ही ठराव केलात: बाबासाहेबांचे खंड घ्या, फुल्यांचं वाङ्मय घ्या, घटना घ्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घ्या, कादंबरी नको. कादंबरी म्हणजे पांढरपेशांचा वेळ घालवायचा धंदा, असं आपला एक तरुण कार्यकर्ता म्हणाला. टाळ्या पडल्या. मी बोलायला उठलो, तोवर लाईट गेली आणि बैठक मोडली. राहिलेलं इथं बोलतो.

आधी एक गोष्ट निकालात काढू. कादंबरी वाचणं हे चळवळीला सोडून आहे, असं जर कुणाच्या डोक्यात असेल तर त्यानं धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेबांचं चरित्र उघडावं. बाबासाहेबांच्या आवडत्या पुस्तकांत व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' आहे. एक पाव चोरला म्हणून आयुष्यभर पाठलाग होणाऱ्या माणसाची कादंबरी. ज्या माणसानं राजगृह पुस्तकांसाठी बांधलं त्याला कादंबरीचं वावडं नव्हतं. तेव्हा तुमचा ठराव बाबासाहेबांच्या नावावर खपवू नका. तुमचा म्हणून मांडा, म्हणजे भांडता येईल.

मी वाचायला लागलो तो बाबुराव अर्नाळकरांपासून. खोटं कशाला सांगू. शिमग्याला, गणपतीला चाकरमानी यायचे, त्यांच्या ट्रंकेत साबण, बिस्किटं आणि तळाशी झुंजार नाहीतर काळा पहाड. या माणसानं हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. कुठलाच समीक्षक त्यांच्याकडं वळून बघायला तयार नव्हता. पण गिरणीत आठ तास उभं राहून आलेला माणूस रात्री खोलीत दिव्याखाली जे वाचायचा ते हेच. आमच्या वाडीतल्या कितीतरी पुरुषांचं जोडाक्षर अर्नाळकरांनी पक्कं केलं. रहस्य, पिस्तूल, मोटार, बस. त्यात माणूस नसतो, पण कुणाला हिणवलेलंही नसतं. पुढं पुढं जी भारी पुस्तकं वाचली त्यांच्याबद्दल एवढं म्हणता येत नाही.

काकोडकरांचंही तसंच. त्यांच्या 'श्यामा' कथेवर अश्लीलतेचा खटला झाला, १९६९ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना सोडलं. एका प्रेमकथेवर केवढी ही धावाधाव! गावकुसाबाहेर माणसं ठेवायची आणि तिथल्या बायांवर रात्री नजर ठेवायची, यावर अश्लीलतेचा खटला भरल्याचं मी ऐकलेलं नाही. असो.

आता आपल्या मुलखाकडं या. १९८१ साली रत्नागिरी तोडून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. एवढासा जिल्हा, पण मराठी कादंबरीला यानं जेवढं दिलं तेवढं फार थोड्या जिल्ह्यांनी दिलं असेल. खांडेकर जन्मले सांगलीला, पण १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. 'हृदयाची हाक', 'कांचनमृग', 'उल्का' त्याच काळातल्या. शिरोड्याला लागून आरवली, तिथले जयवंत दळवी. वेंगुर्ल्याच्या बाजूचे चिं. त्र्यं. खानोलकर. करूळचे मधु मंगेश कर्णिक. एका एसटीच्या तिकिटात सगळ्यांची गावं बघून होतील. आणि या सगळ्यांच्या गावांना महारवाडा होता. मग त्यांच्या कादंबऱ्यांत आम्ही कुठं आहोत, हा प्रश्न विचारण्याचा हक्क मी माझा समजतो. हा प्रश्न विचारायला ती पुस्तकं वाचावी मात्र लागतात.

मी त्यातली बरीचशी माझ्या आईला वाचून दाखवली. ती अंगणात बसून रोवळ्या विणायची, मी पायरीवर बसून वाचायचो. तिला अक्षर येत नव्हतं. पण समीक्षक म्हणून तिच्या तोडीचा माणूस मला पुढं भेटला नाही, आणि मी परिसंवाद पुष्कळ ऐकलेत.

'श्यामची आई' घ्या. रडत नाही तो माणूस नाही, असं हे पुस्तक. त्यात एका महार म्हातारीची मोळी पडते, कुणी हात लावत नाही. श्यामची आई त्याला सांगते, जा, तिची मोळी डोक्यावर चढव आणि येऊन आंघोळ कर. साने गुरुजी मनानं निर्मळ माणूस. पंढरपूरच्या देवळासाठी त्यांनी पुढं १९४७ साली उपोषण केलं. पण माझी आई विणता विणता थांबली नि म्हणाली, "मोळी उचललान तां बरां केलान. मगे न्हालो कित्याक?" सगळ्या सुधारकी वाङ्मयाला विचारण्यासारखा प्रश्न आहे हा. मोळी सगळे उचलतात. आंघोळीचं काय?

खांडेकरांबद्दल आमच्या पिढीत दोन टोकं होती. एक म्हणायचे, केवढे मानवतावादी. दुसरे म्हणायचे, नुसती उपमांची आरास. मला दोन्ही पटत नाही. शिरोड्यात राहून त्यांनी गरिबी बघितली. ती त्यांना लागली, यात शंका नाही. पण गरीब माणूस त्यांच्या पानावर आला की लगेच त्याचं सुभाषित होतं. तो भुकेला असतो आणि सुंदर बोलतो. आमच्याकडं भुकेला माणूस सुंदर बोलत नाही, शिव्या देतो नाहीतर गप बसतो.

तरी 'ययाती' वाचाच. १९५९ ची कादंबरी, १९७४ चं ज्ञानपीठ, मराठीला मिळालेलं पहिलं. ती तीन माणसं सांगतात: ययाती, देवयानी, शर्मिष्ठा. तिघंही 'मी' म्हणून बोलतात. शर्मिष्ठा राजकन्या, तिला देवयानीची दासी व्हावं लागतं, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला धार लागते. मलाही लागली होती. पण त्याच राजवाड्यात अलका आहे. कलिका दासीची मुलगी, ययातीबरोबर लहानाची मोठी झालेली. त्याचा जीव तिच्यावर जडला म्हणून राजमाता तिला विष देते. मुकुलिका आहे, तीही दासी. या बाया 'मी' म्हणून एक पानसुद्धा बोलत नाहीत. त्या ययातीच्या आठवणीत राहतात, एक सोनेरी केस होऊन.

मी शर्मिष्ठेचं दुःख वाचत होतो, चांगलं गळा काढून. आई म्हणाली, "ही रडता ती रडता. आणि ज्येका ईख दिल्यानी तां चेडू? तेचा फुडे काय झाला? तेची आवस खंय गेली?"

पुढं काही झालं नव्हतं. पुस्तक तिथून केव्हाच निघून गेलं होतं.

यातून मला मराठी लोकप्रिय कादंबरीची एक खोड कळली. ती एकदा कळली की सगळीकडं दिसायला लागते. इथं वाचकाला रडवायचं असेल तर वरचा माणूस खाली आणतात. राजकन्या दासी होते, रडा. क्षत्रिय सूतपुत्र म्हणून वाढतो, रडा. खाली असणं हे दुःख नव्हे. वरून खाली *येणं* हे दुःख. जी जन्मानंच दासी ती दासीच असायची, तिच्यासाठी कशाला रडायचं?

'मृत्युंजय'चं म्हणूनच मला भय वाटतं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी १९६७ ची, अजून खपते. आपल्या वाडीतल्या किती पोरांनी ती उशाला घेतली याची गणती नाही. कर्ण म्हणजे आम्हीच, असं त्यांना वाटतं. भर सभेत जात काढली जाते, विद्या असून हाकललं जातं, हे सगळं आपल्या अंगावरून गेलेलं. वाटणं साहजिक आहे. पण जरा थांबून बघा. कर्ण सूतपुत्र *नाही*, हेच त्या कथेचं गुपित. तो सूर्याचा, कुंतीचा, कवचकुंडलं घेऊन आलेला. त्याच्यावर अन्याय झाला तो 'हा खरा क्षत्रिय असून याला सूत म्हटलं' हा. म्हणजे खऱ्या सूताला सूत म्हणून हाकललं असतं तर ठीक होतं? अधिरथाच्या पोटच्या पोराला धनुष्य मागता आलं असतं का? ती कादंबरी आपल्या पोराच्या कानात हळूच सांगते, तू मोठा आहेस कारण तुझं रक्त गुपचूप मोठं आहे. बाबासाहेबांनी अगदी याच्या उलट सांगितलं. रक्ताचा हिशोबच फाडून टाका म्हणाले. वाचा 'मृत्युंजय', भाषा वेगवान आहे, रात्र जागवते. पण कर्णाला आपला म्हणू नका.

याच्यापेक्षा हरिभाऊ आपट्यांची यमू मला जवळची. 'पण लक्षात कोण घेतो' १८९० साली 'करमणूक'मध्ये यायला लागली. ब्राह्मण घर, सोवळंओवळं, आमचा काही संबंध नाही. पण एका पुरुषानं बाईला 'मी' म्हणून बोलायला जागा दिली आणि ती घरातल्या घरातला छळ एकेक करून सांगत गेली. तिचं केशवपन वाचताना आई काही बोलली नाही. नुसती मान हलवत राहिली. आपल्यात विधवेला पाट लावता यायचा, हे तिनं नंतर कधीतरी सांगितलं, थोड्या ताठ्यानंच.

पेंडशांचं काय करायचं, हा कठीण प्रश्न. 'गारंबीचा बापू' (१९५२) मला मनापासून आवडते, लपवत नाही. बापू गावाला जुमानत नाही, राधेच्या हॉटेलात बसतो, तिला उघड आपली म्हणतो, सुपारीच्या धंद्यात पैसा काढतो आणि गावाला नमवतो. असा बंडखोर मराठीत दुर्मीळ. पण बापू गावाच्या दारावर लाथ मारू शकतो, कारण ते दार त्याला उघडं होतं. आमच्या बापाला लाथ मारायला दारापर्यंत जाता यायला पाहिजे होतं! बापूचं बंड एकट्याचं. आपल्याकडं एकट्यानं बंड केलं की सगळ्या वाडीचं पाणी बंद व्हायचं. बंडखोरीची ही किंमत त्या कादंबरीच्या हिशोबात धरलेली नाही.

आणि मग 'तुंबाडचे खोत', १९८७, दोन जाड खंड, खोतांच्या चार पिढ्या. ताकदीचं काम आहे, नाही म्हणणारा खोटा. पण खोताचं घर आतून दिसतं. कुळाच्या पडवीतून खोत कसा दिसतो, हे बघायचं राहूनच जातं. तुंबाड खेडच्या बाजूचं. शेजारी मंडणगड, तिथं आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव. त्याच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये ठाणे-कुलाबा-रत्नागिरीचे शेतकरी हजारोंनी कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते तसे कुणबी, मराठेही होते. खोती कायद्यानं गेली ती १९४९ नंतर. एवढी मोठी गोष्ट या मातीत घडली. खोतांच्या वाड्याची हजार पानांची कादंबरी झाली, पण त्या मोर्च्यातल्या एका कुळाची तेवढी कादंबरी कुठं आहे? पेंडशांना दोष देऊन काय होणार? त्यांनी त्यांच्या घरातून बघितलं. आपल्या घरातून बघणारा कुठं गेला, ते बोला.

खानोलकरांवर मी फार लिहीत नाही. 'कोंडुरा', 'रात्र काळी घागर काळी' यांतली भुतंखेतं, कौल, नवस, शाप हे सगळं आपल्याच गावऱ्हाटीचं आहे. भीती फार खरी उतरलीय. पण त्या देवस्कीच्या पायाशी कोण चिरडला जातो, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. 'चानी' मात्र वेगळी. गोऱ्या साहेबापासून झालेली पोर, पिवळे केस, निळे डोळे, आणि गावानं वाळीत टाकलेली. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे या माणसाला आतून कळलं होतं.

दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' वाचून पोट धरून हसलो. 'चक्र' (१९६३) वाचून हसणं गेलं. मुंबईतली झोपडपट्टी, अम्मा, बेन्वा, लुका. १९८१ साली सिनेमा आला, स्मिता पाटीलनं अम्मा केली. दळवी नाक दाबून लिहीत नाहीत, हे त्यांचं मोठेपण. तरी त्यांची नजर भुकेवर आणि शरीरावर खिळलेली आहे. त्याच शहरावर बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' त्याच साली आणली, १९६३ मध्येच, आणि १९६९ ला 'मरण स्वस्त होत आहे'. शेजारी ठेवून वाचा. बागुलांची माणसंही भुकेली आहेत, पण ती *विचार* करतात. का, कुणामुळं, कुठवर, असं विचारतात. दळवींची झोपडपट्टी बघून दया येते. बागुलांची बघून झोप उडते.

तुम्ही म्हणाल, मग आपल्याच लोकांची पुस्तकं घेऊ. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'जिणं आमुचं', 'आयदान'. जरूर घ्या. 'आयदान' तर दोनदा वाचा. उर्मिला पवारांची ती आत्मकथा २००३ ची, आपल्याच कोकणची, आणि त्यातली आई आयदानं विणते. माझ्या आईची बोटं मी पहिल्यांदा छापलेली बघितली ती तिथं. पण ही सगळी आत्मकथनं आहेत. जे घडलं ते सांगतात, आणि सांगायलाच पाहिजे होतं, कारण अलकेनं 'मी' म्हणायला दोन हजार वर्षं लागली. दया पवारांनी तर तो 'मी' सुद्धा दोन केला. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो. शिकलेल्या माणसाची ती चीर त्या पुस्तकात जशी दिसते तशी कुठं नाही.

पण जे घडलं नाही, घडायला पाहिजे होतं, ते कोण सांगणार? त्याला कादंबरीच लागते. अण्णा भाऊंनी ते केलं. 'फकिरा', १९५९. म्हणजे 'ययाती' त्याच साली! एका साली एक राजा भोगानं हैराण झाला आणि एक मांग दुष्काळात इंग्रजांचा खजिना लुटून धान्य वाटत सुटला. ज्ञानपीठ कुणाला मिळालं ते सांगितलंच. अण्णा भाऊ कम्युनिस्ट होते म्हणून आपल्यातले काही जण त्यांना लांब ठेवतात. त्यांनी 'फकिरा' कुणाला अर्पण केली ते पहिलं पान उघडून बघा. बाबासाहेबांच्या लेखणीला.

फकिरात दोष आहेत. घाईनं लिहिलेली आहे. विशेषणं फार. नायक एकजात देखणे नि पिळदार, बायका मागं उभ्या. प्रसंग कधी कधी वगनाट्यासारखे चढतात. हे दोष सांगायला आपण घाबरू नये. दलित म्हणून दोष पोटात घालणं ही सुद्धा मोळी उचलून आंघोळ करण्यातलीच गत. पण राणोजी जोगणी घेऊन येतो तिथपासून, आपली सगळी माणसं ओलीस धरल्यावर फकिरा स्वतः हजर होतो तिथपर्यंत, त्या पुस्तकात एक गोष्ट आहे जी ह्या सगळ्या भारी कादंबऱ्यांत नाही. इथं खालचा माणूस गुपचूप राजपुत्र निघत नाही. तो मांगच असतो, मांग म्हणूनच उभा राहतो, आणि बघणाऱ्याला मान वर करून बघावं लागतं. तो एकटाही नाही. त्याचं बंड वाडीचं आहे, आणि वाडीसाठीच तो संपतो. बापूला जो हिशोब लागू नव्हता तो इथं पुरा मांडलेला आहे.

आता आपल्या किनाऱ्याचा माल बघा, न लिहिलेला. गावऱ्हाटीत महारांना लावून दिलेली कामं. छप्पन्नच्या धर्मांतरानंतर ती नाकारली तेव्हा गावागावांतून काय झालं. १९८२ च्या गिरणी संपात रिकाम्या ट्रंका घेऊन परत आलेली माणसं, आणि ज्यांच्या मनीऑर्डरवर वाडी जगायची ती वाडी. मालवणी बोलीतला राग, जो नाटकवाल्यांनी नुसता हसण्यावारी नेला. ही कादंबरी करूळचा कोण लिहिणार नाही, आरवलीचा कोण लिहिणार नाही. ती त्या कपाटापुढं बसणाऱ्या पोरीनं नाहीतर पोरानं लिहायची. आणि ज्यानं कादंबरी कधी हातात धरली नाही तो ती कशी लिहील? स्पर्धा परीक्षेच्या गाईडवरून?

तेव्हा ठराव फिरवा. खंड घ्याच. उरलेल्या पैशांत: 'फकिरा' दोन प्रती, बागुलांचे दोन्ही कथासंग्रह, 'बलुतं', 'आयदान', 'ययाती', 'गारंबीचा बापू', 'पण लक्षात कोण घेतो'. विभावरी शिरूरकरांची 'बळी' मिळाली तर सोडू नका; गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सेटलमेंटवर १९५० साली एका बाईनं लिहिलेली आहे. 'मृत्युंजय' विकत घेऊ नका. कुणाच्या तरी घरात पडलेला असतोच, मागून आणा. 'तुंबाडचे खोत' महाग आहे, ती तालुक्याच्या वाचनालयातून आळीपाळीनं काढू, अनामत मी भरतो. दर रविवारी एक पुस्तक मोठ्यानं वाचायचं, आणि ज्या बायांना अक्षर येत नाही त्यांना पुढं बसवायचं. त्या बोलतील ते कुणीतरी वहीत उतरवून ठेवा.

अर्नाळकर माझ्याकडं सात आहेत. पानं सुटलीत. ते मी देतो, शिवायला दोरा नि दाभण तुम्ही आणा.